वर तबकडी, खाली मी

नव्या लॅपटॉपला तोंडच नाही.
दुकानातला पोरगा म्हणाला, सीडी आता कोण वापरतं, लव्ह.
केटरिंगमध्ये सगळेच लव्ह म्हणतात,
त्यात काही नसतं.

पण हॉस्पिटलने दिली ती सीडीच.
कागदी पाकीट, वर निळ्या बॉलपेनने माझं नाव,
स्पेलिंग चुकलेलं,
जन्मतारीख मात्र बरोबर.

तोंड आहे ते वरच्या खोलीतल्या डब्याला.
विद्याधरचा डबा. दोन हजार नऊचा, करडा.
बटण दाबलं की जीभ बाहेर काढतो
आणि कधी कधी आत घ्यायला विसरतो.
रिटायर झाल्यापासून विद्याधर त्याच्यापुढे बसून
गावातल्या बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यांची यादी करतो.
एकाहत्तर झाले.
मी म्हणते, आपला काय संबंध?
तो म्हणतो, कुणीतरी करायला हवी.

ऋजुताने मागच्या दिवाळीत येऊन
दोन्ही यंत्रांची सोयरीक जुळवून दिली:
आई, डिस्क वर घालायची, खाली बसून बघायची.
वायफायचं नाव तिने ठेवलं 'दडपेपोहे'.
शेजारच्या मॉरीनने एकदा विचारलं होतं,
हे तुमच्या देवाचं नाव का?

तो दूध आणायला गेला तेव्हा मी वर गेले.
चकचकीत बाजू खाली करून
तबकडी त्या जिभेवर ठेवली, प्रसादासारखी.
उतरले. तेरा पायऱ्या, कठड्याला धरून.
शेवटच्या पायरीवर होते आणि दारात किल्ली फिरली.
लायब्ररीतून कधी आलीस, त्याने विचारलं.
मगाशीच, मी म्हणाले.
दूध माझ्या हातात देऊन तो वर गेला.

ओट्यावर लॅपटॉप. वरच्या डब्याचं नाव दिसत होतं,
मी त्यावर टिचकी मारली.
एक चक्र फिरत राहिलं:
परवानगीची वाट पाहत आहे.

हे ऋजुता बोलली नव्हती.
किंवा बोलली असेल, मी तेव्हा चकल्या तळत होते.

म्हणजे वर त्याच्या पडद्यावर, कारखान्यांच्या मधोमध,
चौकट उघडली असणार:
खालच्या यंत्राला तुमची तबकडी वाचायची आहे.
वाचू द्यायची? नाही?
बेचाळीस वर्षांत इतकं सरळ
मी त्याला काही विचारलं नव्हतं.

मग छतातून घरघर.

आवाज वर, चित्र खाली.
एकेक काप उतरत होता सावकाश,
जिन्यात दम खात यावं तसा.
करडा, पांढरा, मध्येच अक्रोडासारखा:
हे माझं डोकं.
यात म्हणे माझं मराठी आहे, पाढे आहेत,
आणि लायब्ररीची थाप.
एकोणिसाव्या कापात एक ठिपका, खसखशीएवढा.
कदाचित धूळ असेल.
पडद्यावर बोट फिरवलं. गेला नाही.

विसावा काप अर्ध्यावर अडला.
घरघर थांबली. वर खुर्ची सरकली,
आणि डब्याने जीभ बाहेर काढल्याचा
तो ओळखीचा खटका.

किती वेळ गेला कोण जाणे. फ्रिज वाजत होता.
वरच्या पाकिटावरून तो तारीख वाचत असणार,
पाकीट मी तिथेच विसरले होते, वेंधळी.

"अगं," वरून हाक आली,
"बोटांचे ठसे आहेत यावर.
पुसून घालू का परत?"

आवाज नेहमीचाच. जरा जास्तच नेहमीचा.

घाल, मी म्हणाले.

पुन्हा घरघर. पुन्हा चक्र, पण या वेळी
कुणी काही विचारलं नाही.
मग जिन्यात पावलं, एकेक.
सातवी पायरी करकरली.
त्याने पलीकडची खुर्ची ओढून अलीकडे आणली,
चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.
बराच वेळ बघत राहिला,
शर्टाला सीडी पुसल्याचा चुरगळा तसाच.

तुझी डावी बाजू कुठली यात?

उजवीकडची, मी म्हणाले.