पाय पोचतो का

लर्निंग लायसन्स येऊन बारा दिवस झाले
आणि परभणीतल्या विकाऊ गाड्या
मी नावानिशी ओळखू लागले.
वसमत रोडची लाल, दाराला पोचा.
जिंतूर रोडची पांढरी, एजंटाची.
आमच्या गल्लीमागची ती इंडिका,
जिच्या बोनेटवर शेजारची कोंबडी बसते.

आई म्हणाली, कामून गं,
यस्टी बंद पडली का?
बंद नाही पडली. पण लशीचा डबा मांडीवर घेऊन
बावीस वर्षं काळीपिवळीत
मी अर्ध्या ढुंगणावर बसलेय.

भिशी लागली, एक लाख दहा.
विमा, टायर, नावावर करायचा खर्च,
त्याचे पंधरा आधीच रुमालात बांधले.
उरले पंच्याण्णव.

पहिलीचा मालक सगळं भाच्याशी बोलला.
अ‍ॅव्हरेज भाच्याला, कागद भाच्याला,
मला फक्त, "ताई, पाणी घेता का?"
भाचा अकरावीत आहे.
सायकलीत हवा भरता येत नाही त्याला.
मी पाणी घेतलं.

दुसरीचा मीटर म्हणत होता चाळीस हजार,
आणि ब्रेकच्या पायपट्टीचा रबर
घासून घासून गुळगुळीत, आरशासारखा.
मी रक्तदाब मोजणारी बाई.
आकडा एक सांगतो, पाय सुजलेले एक सांगतात,
कुणाचं ऐकायचं ते कळतं मला.

तिसरी लईच देखणी.
तिला ओरखडा पडेल म्हणून
दारसुद्धा मी जपून लावलं, बाळंतिणीच्या खोलीचं लावावं तसं.
गौसोद्दीन मिस्त्री हसले.
"मॅडम, शिकायला अशी घ्या
की ठोकली तरी रात्री झोप लागली पाहिजे.
पहिली भाकर करपतीच.
तवा कशाला चांदीचा?"

पण माझं दुखणं वेगळंच होतं,
आणि ते सांगायची लाज वाटायची.
चार फूट दहा इंच.
क्लच पुरता दाबायला गेले
की पाठ सीट सोडते,
पाठ टेकवली की पाय हवेत.
उशी लावून पाहिली. उशी सरकते.
इंजिन, गॅस किट, पाटा, पेपर,
सगळे सगळं विचारतात.
पाय पोचतो का, हे कोण विचारणार?

मानवतला, सरकी-पेंडीच्या दुकानामागं
पत्र्याखाली एक आल्टो उभी होती,
निळी म्हणायची म्हणून निळी.
मिस्त्री आत बसले तर गुडघे थेट स्टिअरिंगला.
सीट मागं ओढली. हलेना.
तेल सोडलं, लाथ घातली. हलेना.
"गंजली," कमलाबाई काबरा म्हणाल्या,
"मी एकटीच चालवायची ना.
मागं कधी सरकवलीच नाही.
दोन वर्षं झाली, गिऱ्हाईक येतं, बसतं,
गुडघे चोळत उतरतं."

मी त्यांच्याकडं पाहिलं.
त्या माझ्या खांद्याएवढ्या.

मग मी आत बसले. दार लावलं.
पाठ टेकवली.
डावा पाय टाकला,
आणि क्लच गेला, गेला, पार तळाला गेला,
पाठ तिथंच.

मिस्त्री काहीबाही सांगत होते,
बॅटरी बदलावी लागेल, सायलेन्सरला भोक आहे,
सीटची पट्टी अडीचशे रुपयांत कापून देतो.
मी म्हटलं, पट्टीला हात लावायचा नाही.
शहात्तर हजारांवर सौदा तुटला.
कमलाबाईंनी डिकीतून पेंडीचं रिकामं पोतं काढलं,
झटकलं, पुन्हा आत अंथरलं.
"राहू द्या. डबा घसरत नाही त्याच्यावर."

मानवत रोडच्या फाटकावर
मी तीनदा बंद पाडली.
शेजारी मिस्त्री, गुडघे पोटाशी धरून,
तोंडानं काहीतरी पुटपुटत. दुआ असावी.
गाडी निघून गेली, फाटक वर गेलं.
मागच्या कापसाच्या टेम्पोनं
हॉर्न दाबला.
मी क्लच दाबला.