टाकीला पाणी

पाताळेश्वरात मी आधी भिंतीवरून बोट फिरवतो.
तिरपे ओरखडे, एकाखाली एक,
उजवीकडून डावीकडे उतरणारे.
जंगली महाराज रस्त्याचा हॉर्न
पायऱ्या उतरेपर्यंत दमतो.
एकतीस वर्षं भोसरीच्या टूल-रूममध्ये
मी दुसऱ्यांच्या हत्यारांना धार लावली,
त्यामुळे देवाआधी मला घाव दिसतो.

रविवारी इथे मोघे असतात.
म्हणतात, हे छिन्नीचं काम नव्हेच.
त्यांना एक पाला ठाऊक होता,
रस चोळला की काळा पाषाण
खरवसासारखा थरथरायचा,
आणि मग काय, सुरी घ्यायची.
मागच्या महिन्यात नाद होता,
शंख फुंकून दगड हलका करत.
त्याआधी कुणी आकाशातले पाहुणे.
मी ऐकून घेतो.
चहा तेच पाजतात.

रेणू तांबोळी वहीत मोजते,
ओरखड्याची रुंदी, कोन, खोली.
वरून खाली उतरले, म्हणते, बहुधा.
लाकडी पाचरी भिजवून फुगवल्या?
कुठे कुठे, बहुधा.
आग लावून वर गार पाणी?
इथे तरी खूण नाही.
तिच्या 'बहुधा'ने मोघे चिडतात.
माझी झोप उडते.

कारण मी घरी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला.
एक टाकी किती घावांत बोथटते,
हात किती, दिवस किती.
आकडा कागदाबाहेर गेला.
म्हणजे इथेच, कदाचित आता
रिक्षा उभ्या राहतात तिथे,
एक भाता फुसफुसत होता,
आणि एक जण, ज्याने नंदी घडवला नाही,
खांब घडवला नाही,
लाल टोक पाण्यात टेकवून
रंग चढताना बघत बसला.
पिवळा.
तपकिरी.
जांभळा, आता बुडव.
पाणी जास्त झालं तर टोक काचेसारखं उडतं,
कमी झालं तर मेणासारखं मान टाकतं.
ओरडा मात्र त्यालाच.

टाकीचे घाव सोसल्यावाचून
देवपण येत नाही म्हणतात.
म्हण करणाऱ्याने
दगडाचीच बाजू ऐकून घेतली.

हणमव्वा विटकर वडारवाडीतून आमच्याकडे
पाट्याला टाकी लावायला येते.
तिला म्हटलं, चल, एक काम दाखवतो.
हाकेच्या अंतरावर आयुष्य काढून
ती इथे कधी उतरली नव्हती.
पिशवी काखेत, चप्पल हातात,
मागच्या भिंतीवर तिने बोटाची पेरं आपटली.
रखवालदार खाकरला.
"हितं बद्द बोलतंय," ती म्हणाली,
"फुडं गेलं नसतील."
मोघ्यांनी विचारलं, पण एवढं कोरलं कशासाठी?
"कुणीतरी सांगितलं असंल की."
पुण्य, कीर्ती, अक्षय असं काही
मोघे सांगत राहिले,
ती कोपऱ्यात वाकली होती.
"ह्यो डावखुरा हुता."

आम्ही तिघेही वाकलो.
वीतभर जागेत ओरखडे उलटे,
डावीकडून उजवीकडे,
शेजारच्यांपेक्षा जरा खोल,
घाईचे, किंवा रागाचे, किंवा
जेवणाची हाक आली असेल.
किती रविवार माझं बोट
त्याच्यावरून गेलं होतं.
रेणूने लिहून घेतलं.
'बहुधा' लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.
मोघ्यांचा चहा गार झाला.

पाट्याचे ऐंशी रुपये घेऊन
हणमव्वा म्हणाली, सा म्हयन्यानं बोलवा,
गुळगुळीत दगड काय कामाचा.

रात्री मोरीच्या फरशीवर
मी हातोडी डाव्या हातात धरली,
छिन्नी उजव्या.
तिसरा घाव अंगठ्यावर.
नख अजून काळं आहे.
बायको विचारते, कशासाठी?