छाट

त्यांच्या लेखात पान नऊवर एक तक्ता आहे:
साधं पाणी, धुराचं पाणी, वाफेचं पाणी.
तोच तक्ता आमच्याकडे उतरतो का ते बघायचं होतं,
साकोलीत, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
जिथं दुपारी दोन ते चार वीज नसते.

कापगते मॅडम म्हणाल्या, नवीन काही शोधायचं नाही.
त्यांना दिसलं ते आपल्याला दिसतं का, एवढंच.
मला हे काम ओळखीचं वाटलं.
आई हजार बिड्या वळते
आणि सट्टेदार त्या पुन्हा मोजतो.

बंदीची वस्तू, म्हणून आधी परवानगीचा कागद आला,
मग मोहोरबंद डबी.
पेनाएवढी. वजन म्हणावं तर नाहीच.
डिसेंबरात खोलीभर आंबा पिकला.
धनपाल शिपाई दारातून नाक ओढत म्हणाला,
"मॅडम, हे तं परसादावानी वास मारते."
सिगारेट लावली तेव्हा तो काही बोलला नाही.

पस्तीस मिली, दोन सेकंद, मिनिटाला एक झुरका.
पंप खोकत नव्हता,
मधेच कुणाला हाक मारत नव्हता.
नळीतून बुडबुडे पाण्यात,
शिशीच्या तोंडावर कांदा,
कांद्याला पांढरी मुळं, दोन दिवसांची.

मुळाचं टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं,
लाल रंगात बुडवून काचेखाली अंगठ्यानं दाबायचं.
मग मोजायच्या हजार पेशी.
किती दुभंगताहेत, म्हणजे
किती अजून वाढायच्या बेतात आहेत.
कुठली काच कुठल्या शिशीची ते मला कळू नये म्हणून
मॅडमनं नावांवर चिकटपट्टी लावलेली.

पट्टी निघाली
तेव्हा साधं पाणी धुराच्या शेजारी जाऊन बसलं होतं.
दुसऱ्या खेपेलाही.
मीठ तपासलं, नळ तपासला, कांदे बदलले,
लाखांदूरचे सोडून पवनीचे आणले.
तिसऱ्या खेपेला मला ताप होता.
शिश्या मॅडमनं स्वतः भरल्या, आणि पाणी पाण्यासारखं वागलं.

परत आले तर त्या काही बोलल्या नाहीत.
माझ्या हातांकडे बघत राहिल्या.
नखांच्या कडेला पिवळी कोर.
रात्री आईसोबत तीनशे तरी वळते मी,
सूप मांडीवर, जर्दा चिमटीत.
धुराच्या शिशीला हातमोजे घालत होते.
साध्या पाण्याला हातमोजे कशाला,
असं मीच ठरवलं होतं.

म्हटलं, पहिल्या दोन खेपा छाटीत टाकू या?
आमच्याकडे छाट म्हणजे वाकडी बिडी.
सट्टेदार ती बाजूला काढतो,
पैसे देत नाही आणि परतही देत नाही.
मॅडम म्हणाल्या, टाकू नको. लिही.
मी लिहिलं:
खेप एक व दोन, साध्या पाण्याची शिशी दूषित.
कारण, सहायकाच्या बोटांवर तंबाखू.
सहायकाचं नाव लिहायला रकाना होता.
लिहिलं. वेणू श्रावण मेश्राम.

चौथी खेप.
धुराच्या पाण्यात हजारात अकरा.
वाफेच्या पाण्यात अठ्ठावन्न.
साध्या पाण्यात त्र्याऐंशी.
त्यांचा तक्ता जवळजवळ तसाच उतरला.
मधल्या आकड्याला दोन शेजारी आहेत.
जो तो आपल्या सोयीच्या शेजाऱ्याकडून बघेल त्याच्याकडे.

आईनं विचारलं, "मंग, बिडीचं का निंगालं?"
बिडीचा रकाना नव्हता मायं.
वळणाऱ्या हाताची नोंद आहे,
पण ती चुकांच्या पानावर.

उरलेले चार कांदे मी घरी आणले होते.
तिनं एक उचलला, मुळं चाचपली,
"कोन्या शिशीतला होय हा?"
साध्या पाण्यातला, मी म्हटलं, चौथ्या खेपेचा.
तिनं विळी पुढं ओढली.
मग थांबली,
कांदा ताटलीत ठेवून मोरीत गेली.
बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.