वासर म्हणजे पाणी

टॅब आले बारा, मुलं एकोणीस.
खोकं उघडलं तेव्हा
थर्माकोलचे पांढरे गोळे वर्गभर उडाले
आणि पहिला तास ते वेचण्यात गेला.

विट्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं माझं.
त्यातला एक दिवस चहाचा आणि सह्यांचा.
जर्मन मला येत नाही,
हे मी वर्गाला आधीच सांगून टाकलं.
मुलं एवढी खूश
मी यापूर्वी एकदाच पाहिली होती,
साहेबांची तपासणी रद्द झाली तेव्हा.

टॅबमधली बाई कधी चिडत नाही.
ती म्हणते, डास वासर.
पडद्यावर पाण्याचा पेला.
मागच्या पट्टीवरून राजवर्धन हंबरला
आणि मग कुणालाच आवरेना.
डास म्हणजे डास नव्हे, वासर म्हणजे वासरू नव्हे,
वासर म्हणजे पाणी,
आणि हाउस म्हणजे घर.
हे मात्र लगेच पटलं सगळ्यांना.
हौसेनं बांधलेली दुमजली घरंच आहेत गावात,
ग्रॅनाइटची पायरी, स्टीलचा कठडा,
आणि दाराला कुलूप.
माणसं तिकडं लांब, कुठल्या कुठल्या बाजारपेठांत,
मुशीत सोनं गाळत बसलेली.

त्या भाषेतही तो, ती, ते आहे.
इंग्रजीला हे सुख नाही.
घर ते, तिकडंही ते.
पाणी ते, तिकडंही ते.
चंद्र तो. तिकडंही तो.
सूर्य मात्र ती.
राजवर्धन म्हणाला, चुकलंय, रिफ्रेश करा.

शिवांजली चौथ्या पट्टीवर बसते.
'बाई, मी पाणी पिऊन येतो' म्हणते.
इकडच्या सगळ्याच पोरी म्हणतात, येतो, जातो, बसलो.
चार वर्षं तिच्या निबंधांत
मी 'तो'वर लाल काना मारून 'ते' करत आलेय.
माझ्या घरात दखनी, वर्गात पुस्तकी;
मी कुणाला सुधारतेय, हे मला तरी कुठं ठाऊक?

मग एके दिवशी टॅब म्हणाला, डास मेडशेन.
मुलगी. ते.
तिनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.
'बाई, त्येंच्यातबी पोरगी ते आसती?'
आसती, म्हटलं.
'आमची आई तसंच म्हणती.
आलं का गं ते शाळंतनं, म्हणती.'
लाल पेनाचं टोपण मी त्या दिवशी उघडलं नाही.
म्हणजे उघडलं, हजेरीवर गैरहजरांसाठी.

शोन म्हणजे सुंदर.
पण तो 'ओ' नव्हे. ओठ ओचे, आवाज एचा.
मी तीनदा म्हटलं, तीनदा लाल फुली आली.
'बाई, च्या फुकल्यागत करा तोंड,'
शिवांजली म्हणाली, आणि करून दाखवलं.
हिरवी खूण. तिला.
मला अजून आलेली नाही.

तिचे पप्पा त्रिचीला असतात.
रात्री दुकान बंद करता करता फोन करतात.
दुसऱ्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं, आवाज काढून.
'पप्पा म्हणालं, सोन्याला काय म्हणत्यात तकडं?
मी म्हणालो, गोल्ट.
म्हणालं, मग त्यात शिकायचं काय हाय? ह्ये तर आमालाबी येतंय.
मी म्हणालो, आणि सूर्याला म्हणत्यात झोनं.
काय म्हणत्यात?
झोनं. डी झोनं.'

पलीकडं भट्टीचा पंखा चालू होता म्हणे,
तो त्यांनी बंद केला.
'परत म्हण.'
ही म्हणाली.
मग ते म्हणाले, हळू, एकदा. मग जोरात.
त्यांना हिरवी खूण कुणी दिली नाही.
सोळाव्या वर्षी गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं बघत
तमीळ शिकले, तेव्हाही दिली नव्हती.

सांगून झालं. तिनं टॅब उलटा करून पाहिला.
'बाई, चारच टक्के हाय.
हापिसात लावून येतो.'

ये, म्हटलं.