ऐकीव राजा

मी राजाचा कारकून होतो, बखरकार नव्हे.
लढाया बखरकारांनी लिहिल्या, त्यांच्यापाशी घोडे होते.
माझ्यापाशी एक खेचर, शिंगात मायफळाची शाई,
आणि उन्हाळाभर पुरतील इतकी गावं
लिमा नदीच्या वरच्या अंगाची.

राजाला हिशेब हवा होता.
कुठलं शिवार त्याचं, कुठलं मठाचं,
कुठल्या सरदाराने रातोरात बांध सरकवला.
चर्चच्या ओसरीत, शुभवर्तमानावर हात ठेवून
एकेक जण सांगायचा,
मी कातड्यावर उतरवून घ्यायचो.

पायो, कोळसे पाडणारा:
राजाला वर्षाकाठी बोकडाची एक मांडी,
सहा अंडी, हातभर लिननचं कापड.
कशावरून?
बापाकडून ऐकलं.
बापाने कुणाकडून?
त्याच्या बापाकडून.
मागे ओढा वाहत होता, तो मी लिहिला नाही.

सेझनांदु, एका डोळ्याने अधू:
ठाऊक नाही.
बांध कुणी हलवला? ठाऊक नाही.
पलीकडच्या गढीत राहतं कोण?
त्याने गढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
ठाऊक नाही.
लॅटिनमध्ये एवढ्याला एकच शब्द पुरतो.
त्या उन्हाळ्यात तो इतक्यांदा लिहिला
की पिसाचं टोक त्याच्याच वळणाने झिजलं.

आणि गोंतिन्या, विधवा:
राजाचा माणूस आला तर त्याला भाकरी, वाईन,
त्याच्या घोड्याला वैरण.
थांबून म्हणाली, खेचराचं काय धरायचं?
सगळी ओसरी हसली.
मीही हसलो. वैरण अर्धी धरली.

राजाला मी एकदाच भेटलो. भेटलो म्हणजे काय,
कोईंब्राच्या वाड्यात पडद्याअलीकडे उभा राहिलो.
खोलीत चरबी आणि वाटलेल्या पाल्याचा वास.
पडद्याखालून एक हात आला, कापडात गुंडाळलेला,
बोटं कुठे संपतात ते कळू नये असा.
अठरा वर्षं राज्य केलं त्याने,
घोड्यावर बसला, म्हणत, दोनदाच.
बिशपाशी भांडण, बहिणींशी भांडण,
सगळं त्या पलंगावरून.

माझी भेंडोळी त्याच्या उशाशी होती.
आत कुणीतरी कष्टाने कूस बदलली.
"पायोची अंडी सहाच?"
सहाच, महाराज.
"माझ्या आज्याच्या वेळी बारा होती."
मी काय बोलणार?
"असो. कोंबड्याही म्हाताऱ्या झाल्या असतील."

तेव्हा उमगलं, याने सगळं वाचलंय.
माझं किरटं अक्षर, खाडाखोड, शाईचे ओघळ,
एकेक गाव, एकेक ठाऊक नाही.
पाय गेलेला माणूस माझ्या ओळींवरून
आपलं राज्य पालथं घालून आला होता.

मग म्हणाला, "त्या ओसरीवर सावली असेल.
कसलं झाड आहे?"

दोन महिने मी त्या सावलीत बसलो होतो.
मान वर केली नव्हती.
ठाऊक नाही, मी म्हणालो.
पडद्याआड बराच वेळ काही हललं नाही.
मग शिसं वितळवलं गेलं, शिक्का बसला,
मला जायला सांगितलं.

मार्चमध्ये तो गेला.
बिशपाशी वाद अर्धाच राहिला,
म्हणून घंटा वाजवाव्यात की नाही
यावर तीन दिवस खल चालला.
शेवटी कुणीतरी एकदाच दोर ओढला.

पुढल्या साली नव्या राजाचा हुकूम घेऊन
तीच वाट, तेच खेचर, एका पायाने लंगडं.
गोंतिन्याला सांगितलं, आधीचे महाराज वारले.
"आधीचे म्हणजे कुठले?" ती म्हणाली.
मग, "कसे होते?"

तिच्या पुढ्यात ग्रंथ होता. तिचा हात त्यावर, माझा नाही.
चौकस होते, मी म्हणालो.
कशावरून, हे तिने विचारलं नाही.

मी मान वर केली.
चेस्टनट होतं. म्हातारं, मधोमध पोकळ,
एका फांदीला तेवढा मोहोर.
पिसं शाईत बुडवलं
आणि समासात, जिथे कुणी बघत नाही,
झाडाचं नाव घातलं.

गोंतिन्या वाकून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं.
"झाड लिहिताय?" ती म्हणाली,
"झाडावर फाळा नाही हो.
तेवढं खोडा."