हलू नका

मनामातल्या या खोलीत तापमान अठरा.
बाहेर ऑगस्ट, आणि समुद्रावरून येणारी
ओल्या टॉवेलसारखी हवा.
यंत्राच्या पोकळीत जयदास घरत, वय एकतीस,
गाव उरणपलीकडचं, मरीनातल्या एका बोटीवर वाढपी.
पाहुणे उतरल्यावर काचेचं टेबल पुसता पुसता
बोटाला लागलेलं हिरडीवर फिरवलं, म्हणाला.
एकदाच.
फॉर्मवर अरबीत लिहिलंय : चौदा महिने.

मी बार्शीची. इथे माझ्यासमोर
मराठीत कोणी सहसा आडवं पडत नाही.
"हलू नका," मी माइकमधून म्हणते.
आतून आवाज, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या?"
"हो. हलू नका."

पडद्यावर त्याचं डोकं हळूहळू उमटतं.
मधोमध दोन स्वल्पविराम, पाठीला पाठ लावून.
ते लालबुंद असायला हवेत.
याचे दोनदा पाणी घातलेल्या सोलकढीसारखे.

डॉक्टर हुदा पोरांना शिकवतात तेव्हा मी दाराशी उभी असते.
दोन पेशींमध्ये फट असते, म्हणतात,
फटीत डोपामीन येतं, निरोप देतं,
आणि कामावरचा माणूस ते लगेच उचलून परत आत नेतो.
कोकेन त्या माणसाचा दरवाजा अडवून बसतं.
निरोप फटीतच राहतो. देतच राहतो.

मला हे बार्शीतच कळतं.
आमच्या आळीत चौथ्या दिवशी नळ यायचा.
कुणीतरी ओरडायचं, पाणी आलं!
आणि घराघरातून हंडे, कळश्या, तेलाचे डबे,
शेवंताकाकूंचा तो पिचका तांब्यासुद्धा.
आता समजा, कुणी दिवसरात्र ओरडतंय,
पाणी आलं पाणी आलं पाणी आलं.
पहिल्या दिवशी लोक नाचतील.
आठवड्यानं हंडे उचलून आत ठेवतील.
महिन्यानं दारं लावून घेतील.
मग एखाद्या पहाटे नळ खरंच येईल,
बारीक, नेहमीसारखा, कुणाच्या तरी हसण्याएवढा,
आणि ओट्यावर एकही भांडं नसेल.

हे आत नेलेले हंडे मी मोजते. पगार त्याचाच.

"ताई, बोललं तर चालतं का?"
ओठ हलले की डोकं हलतं. पण अजून बावीस मिनिटं आहेत.
"हळू बोला."

"आमचं मिठागर होतं. बाबा फावड्यानं मीठ ओढायचे,
उन्हात ढीग असे चमकायचे, लहानपणी मी त्यावर झोपायचो.
परवा आईनं व्हिडिओ कॉल लावला.
परातीत तांदळाचं पीठ, भाकरीचं. म्हणाली, बघ, नवा तांदूळ.
माझ्या तळहातांना घाम फुटला, ताई.
छाती धडधडायला लागली.
पिठाकडे बघून.
मी म्हटलं रेंज गेली, आणि फोन ठेवला."

सगळी दारं बंद झाली तरी एक गल्ली उघडी राहते.
तिकडचा रस्ता उलट पक्का होत जातो,
तिथे दुसरं रसायन काम करतं, त्याचं नाव मला धड उच्चारता येत नाही.
पांढरं दिसलं की पाय आपोआप वळतात.
पीठ, टाल्कम, सित्र्याच्या वाटेवरची खारी जमीन,
दुपारी दोनला जी सगळीच पांढरी असते.

यंत्र थांबतं. पाट बाहेर सरकतो.
तो छताकडे बघत विचारतो, "परत येतं का ते?"
मला सांगायची परवानगी नाही. रिपोर्ट डॉक्टर देतील.
हुदा म्हणतात, येतात काही हंडे बाहेर. महिने लागतात.
सगळे येतात का, ते त्या सांगत नाहीत.

मी चहा आणायला जाते.
साखरेची पुडी पँट्रीतच फोडते,
तिथेच ढवळते, चमचा धुऊन ठेवते,
ओट्यावर सांडलेले चार दाणे तळव्यानं पुसून घेते.
मग कप त्याच्या हातात.

दोन घोट घेऊन म्हणतो, "गोड झालाय, ताई."

खरंच लागला, की माझं मन राखलं,
ते या यंत्रात दिसत नाही.