मूठ

काखेतीत द्राक्षं उतरवायचे दिवस.
रसानं बोटं चिकटलेली, टोपलीवर गांधीलमाश्या,
आणि ओतारच्या टाचेमागे बोंबोरा,
पडेल त्यावर डोळा ठेवून.

नात आली आहे तिबिलिसीहून,
पशुवैद्यकीचं तिसरं वर्ष.
म्हणते, आजोबा, याला द्राक्ष नको, मनुका नको,
कांदा-लसूण नको,
आणि ते रसात बुडवलेले अक्रोड जरा उंच टांगा.

ओतार हसतो. मग या घरात उरलं काय?
माझ्या हातचं खाऊन कुणी मेलंय का आजवर?

उकडलेलं अंडं चालेल, ती सांगते, बिनमिठाचं.
गाजर. सफरचंद, बिया काढून.
मग सहजच विचारते,
आधीची मुरा कशी गेली हो?

याच दिवसांत.
दोनदा ओकली. मग पाणी, नुसतं पाणी,
बादलीत तोंड घालून.
तिसऱ्या दिवशी तेही नको, लघवी बंद.
साप चावला असेल, म्हणाले शेजारी.
वय झालं, म्हणाला पाद्री.

ओतारचा उजवा हात टेबलावर पडून आहे.
याच हातानं, देठ खुडून,
लाडकीच्या घशाला लागू नये म्हणून
एकेक मणी सोलून...

बोंबोरा येतो, मूठ हुंगतो.
ती उघडायला वेळ लागतो.
आत काही नाही, तरी तो जीभ काढतो.

ओतार हात ओढून घेतो.
विहिरीवर जाऊन धुतो,
नखांतला रस जाईना म्हणून पुन्हा धुतो,
आणि परत येऊन
अंडं सोलायला बसतो.